दारावरचा कडुलिंब आणि वाळवंटावरची डुलकी

नवरा विमान चालवतो, मग तुला भीती नाही का वाटत, असं गल्लीतल्या बायका विचारत आणि मी मान ताठ करून सांगे, छे, विमान म्हणजे काय टांगा आहे उलटायला. तोवर मी विमान जवळून पाहिलंसुद्धा नव्हतं. बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून उंच घार दिसली तरी मी पदर सावरून उभी राही, न जाणो, वरून हे बघत असतील. इतकी मी हुशार होते.

देशात तेव्हा जिकडेतिकडे एकत्र करण्याचं चाललं होतं. संस्थानं विलीन झाली, मग विमान कंपन्यांची पाळी आली. सरकार खासगी कंपन्या ताब्यात घेऊन एकात एक मिसळत होतं. आमचे हे एका लहानशा कंपनीत देशातल्या देशात विमान नेत. ते आता परदेशच्या मार्गावर दुय्यम वैमानिक म्हणून आले, तेही चाचणीवर. मुंबईहून कैरो, तिथे मुक्काम, पुढे लंडन, पुन्हा मुक्काम, आणि तसंच परत. कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही, हे अजून ठरायचं होतं. मुंबईत बिऱ्हाड मिळेना म्हणून मी बऱ्हाणपुरात सासू-सासऱ्यांजवळ. दोन फेऱ्यांच्या मधे चार दिवस मिळाले की हे रेल्वेनं घरी येत.

परदेशातल्या मुक्कामात कसं राहायचं, हे त्यांनी जुन्या वैमानिकांकडून शिकून घेतलं होतं. उतरल्या उतरल्या गाव बघायला निघायचं नाही. खिडकीला घोंगडी लावून खोलीत रात्र करायची, कानात कापूस घालायचा, पोट हलकं ठेवायचं. बाहेर ऊन असो की चांदणं, शरीर मागेल तेव्हा त्याला झोप द्यायची. कैरोत ते हे सगळं शहाण्यासारखं करत. सगळ्यात वाईट मुक्काम असे तो बऱ्हाणपूरचा.

कारण आमच्याकडे आलेल्या माणसाला झोपू देणं म्हणजे त्याची हेळसांड करणं. हे आले की मामंजी मावा जिलेबीचा पुडा घेऊन उशाशी उभे. गरम आहे तोवर खा, मग झोप. जिलेबी होते न होते तो शेजारचे काका, मागच्या गल्लीतले मास्तर, जैनाबादहून केळीचा घड घेऊन आलेले मामा. प्रत्येकाला विचारायचं असे, वरून तापी दिसते का, असीरगडचा किल्ला केवढा दिसतो. आणि हे सगळं आटपून डोळा लागला की दिवेलागण होई. दिवेलागणीला घरात कुणी झोपलेलं सासूबाईंना चालत नसे. लक्ष्मी दारातून येते आणि पाय पसरून पडलेला माणूस पाहून माघारी फिरते. त्या निरांजन घेऊन थेट लेकाच्या डोक्याशी येत.

"ऊठ रे बाळा. तिन्हीसांजा झाल्या."

हे उठत. लंडनात तेव्हा भरदुपार असे, कैरोत दुपार कलत असे, आणि ह्यांच्या अंगात कुठली वेळ चालली आहे हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नसे. लाल डोळ्यांनी भिंतीला टेकून बसत. मला वाटे, किती आज्ञाधारक मुलगा. कौतुकानं आणखी एक कप चहा मीच नेऊन देई.

त्या खेपेला आले ते वेगळेच दिसत होते. चमचा हातात धरून वरणाकडे नुसते बघत बसले. जेवण झाल्यावर गच्चीवर मी पापड वाळत घालत होते तिथे आले, कठड्याला टेकले आणि पापडांकडे बघतच म्हणाले, "परतीला कैरो सोडल्यावर वाळवंटावर मला झोप लागली होती."

मी म्हटलं, लागणारच, केवढा लांबचा प्रवास.

"अगं, मी चालवत होतो."

माझ्या हातातला पापड तसाच राहिला. मग त्यांनी सगळं सांगितलं. विमान आपोआप सरळ जाईल असं यंत्र लावलेलं होतं. समोर नुसती वाळू आणि पांढरं ऊन. मागे बसलेला इंजिनवाला आपले काटे बघत होता. त्याला वाटलं, पुढचे दोघं समोर बघताहेत. रेडिओवाल्यानं काही विचारलं तेव्हा ह्यांचे डोळे उघडले. किती वेळ गेला होता कळेना. शेजारी वळून पाहिलं तर मुख्य वैमानिक साहेबांची हनुवटी छातीवर.

"मग तुम्ही त्यांना उठवलंत?"

"खोकलो. तेही जागे झाले. दोघंही काही बोललो नाही."

ते साहेब दुसऱ्या कंपनीतून आलेले. ह्यांना वाटे, मी थकलोय म्हणालो तर हा वर कळवेल, चाचणीवरच्या माणसाला झेपत नाही म्हणून. साहेबांनाही तीच धास्ती असणार: हे नवे लोक आपल्या जागेवर टपलेले. एकाच विमानात बसून दोघं एकमेकांपासून झोप लपवत होते, आणि पाठीमागे खच्चून भरलेली माणसं त्यांच्या भरवशावर निवांत.

हे खाली गेले आणि मी तिथेच बसून राहिले. तोवर माझी समजूत होती की विमान पडतं ते वादळानं, नाहीतर इंजिन बिघडल्यानं. घरी मी ज्याला चहा नेऊन देते त्या माणसाच्या पापण्यांवर ते टिकून असतं, हे कधी मनात आलं नव्हतं. तीन दिवसांनी त्यांना पुन्हा निघायचं होतं, पुन्हा त्याच साहेबांबरोबर. खालून मास्तरांची हाक ऐकू आली, आले का आमचे वैमानिक?

मग ह्या बाईनं डोकं लढवलं. ते डोकं आठवलं की आजही मला ते धरून गदागदा हलवावंसं वाटतं. मागच्या अंगणात कडुलिंब होता. सकाळी सासूबाई मंदिरात गेलेल्या, मामंजी दुकानात. मी एक चांगला हिरवा डहाळा तोडला आणि दाराच्या चौकटीला बांधला.

आता कुणाला कळायचं नाही, पण तेव्हा दारावर कडुलिंब म्हणजे घरात माता आली, कुणाला तरी देवीचे फोड निघाले. मग त्या घरी कुणी पाऊल टाकत नसे, हाक मारत नसे. घरात फोडणी घालायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, आणि अंथरुणातल्या माणसाला उठवायचं तर मुळीच नाही. अंगात माता निजलेली असते. मला वाटलं, दोन दिवस डहाळा टांगायचा, ह्यांना झोपू द्यायचं, मग काढून टाकायचा. हवा तेव्हा घातला, हवा तेव्हा काढला, जसा काही तो नथीचा आकडा.

मास्तर आले, डहाळा पाहिला, चपला हातात घेऊन परत गेले. दाराच्या फटीतून बघताना मला इतका आनंद झाला की मी तोंडात पदर कोंबला.

मग सासूबाई आल्या. दारातच खाली बसल्या. ओठ पांढरे पडलेले. त्यांचा थोरला मुलगा देवीतच गेला होता, हे मला माहीत होतं आणि डहाळा तोडताना आठवलं नव्हतं. मी धावत जाऊन सांगितलं, आई, काही झालेलं नाही, ते नुसते झोपलेत, लोकांनी येऊ नये म्हणून मीच बांधला. वाटलं, त्या हुश्श करतील. 

"तिच्या नावानं खोटं बोललीस? आता ती येईल ना."

डहाळा काढायला मी हात वर केला तर त्यांनी मनगट धरलं. मातेला बोलावून असं हाकलता येत नाही. आता तिला दहीभात दाखवून, ओटी भरून, रीतीनं वाटेला लावल्याशिवाय डहाळ्याला कुणी हात लावायचा नाही. आणि ती राग मनात धरून जाऊ नये म्हणून तोवर सगळं पाळायचं.

म्हणून आमच्या घरात खरोखरच सगळं पाळणं सुरू झालं. बिनफोडणीचं वरण. पायांचा आवाज नाही. दिवेलागणीला सासूबाई निरांजन घेऊन लेकाच्या खोलीपर्यंत गेल्या, उंबऱ्याबाहेरून नमस्कार केला आणि न उठवता परत आल्या. हे झोपले ते झोपले. मधे उठून दहीभात खात, पाणी पीत, की पुन्हा आडवे. आपल्या अंगात माता आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

झोप नव्हती ती मला. मी सारखी जाऊन त्यांच्या कपाळाला हात लावून बघे. गरम वाटे. मग माझं कपाळ बघे, तेही गरम. त्यांच्या मानेवर एक लाल ठिपका दिसला तेव्हा मी कंदील उचलून आणला. जवळून पाहिलं तर डास चावलेला. एकीकडे ते विमानात झोपतील ही भीती आणि दुसरीकडे ते ह्या अंथरुणातून उठणारच नाहीत ही.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवी डॉक्टर दारात उभा. टोचायला गल्लोगल्ली फिरायचा तो टीकेवाला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की परदेशातून आलेल्या माणसाला माता निघाली. त्याच्या तोंडावर काळजी स्पष्ट दिसत होती.

"बाई, मरीज दाखवा. बाहेरून आणलेली असली तर सगळी गल्ली बंद करावी लागेल. त्यांना महिनाभर कुठे जाता येणार नाही."

महिनाभर. म्हणजे चाचणी संपली, जागा गेली. आणि, खरं सांगते, एक क्षणभर माझ्या मनात आलं, जाऊ दे. महिनाभर हा माणूस जमिनीवर तरी राहील. ते नुसते झोपलेत, हे मी त्याला सांगितलं नाही. सासूबाईंनीच त्याला आत नेलं.

त्यानं ह्यांना उठवलं, डोळे पाहिले, तळवे पाहिले, सदरा वर करून पाठ पाहिली. दंडावर टोचल्याचा ताजा वण होता. परदेशी जाणाऱ्यांना टोचून घ्यावंच लागे. हे अर्धवट झोपेत विचारत होते, काय झालं, कुणाला झालं. टीकेवाल्यानं माझ्याकडे वळून विचारलं, ह्यांना नेमकं काय झालंय?

"झोप झालेली नाही," मी म्हटलं.

त्यानं ह्यांचा सदरा खाली केला. मग म्हणाला, डहाळा आज उतरवा, नाहीतर उद्या मला वर कळवावं लागेल. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी ओटी भरली, दहीभात ठेवला, पदर पसरून माफी मागितली, आणि माझंही डोकं धरून जमिनीला टेकवलं, जरा जोरातच.

ह्यांना सगळं कळलं तेव्हा ते आधी हसले आणि मग सामान भरायला लागले. आमच्या बऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या स्टेशनकडे टांग्यातून जाताना मी शेजारी बसले होते. ते म्हणाले, पुष्कळ दिवसांत अशी झोप झाली नव्हती. मला हायसं वाटतंय तोच पुढे म्हणाले, "पण झोप काही कणगीत भरून ठेवता येत नाही. कैरो सोडेपर्यंत ही संपलेली असेल."

"मग तुम्ही साहेबांना सांगा."

"जो आधी बोलेल त्याची जागा जाईल."

"जाऊ द्या. मामंजींच्या दुकानात कापड फाडा. फाडताना झोप लागली तर वारभर कापड वाया जाईल, एवढंच."

ते घोड्याच्या कानांकडे बघत राहिले.  गाडी आली, बसले, गेले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की मी मोरीत जाऊन नळ सोडून बसे, म्हणजे ऐकू यायला नको. आणि नळ बंद केला की मामंजींचं तोंड बघायला धावे.

हे आले ते दाढी वाढलेले, दमलेले, पण आले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि काही न विचारता त्यांच्या खोलीच्या खिडकीवर जुनं जाजम लावलं. मी मागोमाग आत गेले.

ते म्हणाले, जाताना कैरोच्या अलीकडे वाळवंटावर डोळे जड व्हायला लागले तेव्हा सांगून टाकलं. साहेब, मला झोप येतेय, थोडा वेळ डोळे मिटतो, तुम्ही बघाल का. साहेबांनी फक्त मान हलवली. लंडनपर्यंत एक शब्द नाही. ह्यांना वाटलं, संपलं आपलं. हॉटेलात सामान ठेवत होते तेवढ्यात दारावर टकटक झाली. साहेब उभे होते, बाहीची बटणं सोडत.

"म्हणाले, परतीला आधी मी झोपणार."

मी ते ऐकून खाटेच्या कडेवर बसले. आणि बसल्या बसल्याच नवी शंका आली.

"अहो, मग साहेब झोपले तेव्हा तुम्हाला कोण जागं ठेवत होतं?"

"इंजिनवाला. त्याला सांगून ठेवलं होतं, सारखा काहीतरी बोलत राहा म्हणून."

"काय बोलत होता?"

"त्याच्या बायकोबद्दल," हे म्हणाले. डोळे मिटलेले होते. "तिलाही फार भीती वाटते म्हणे."