कटिंग मास्तरांचा हात

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. औषधांच्या दुकानात वीस वर्षं काउंटरमागे उभं राहिल्यावर माणूस एक तर संत होतो, नाही तर माझ्यासारखा होतो. माझा मोठा भाऊ मात्र जन्मात कुणावर ओरडला नाही. त्याला दादा म्हणणारी मी एकटीच. बाकी सगळे त्याला मास्तर म्हणतात, कारण पुरुषांचे सूट शिवणाऱ्या एका कारखान्यात तो कटिंग मास्तर होता.

शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली की कापड गेलं. म्हणून शिवणारे पंचवीस असले तरी कापणारा एकच असतो. दादा चौदाव्या वर्षी तिथे चिंध्या गोळा करायला लागला आणि तिशीत मोठ्या टेबलामागे उभा राहिला. वडील लवकर गेले होते. माझं फार्मसीचं शिक्षण त्याच्या त्या कात्रीवर झालं आणि हे त्याने मला एकदाही बोलून दाखवलं नाही. मी त्याच्या जागी असते तर रोज ऐकवलं असतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले. मांडीवर हात ठेवून बसला की अंगठा आणि बोट मिळून दोरा वळल्यासारखे हलत राहायचे. चाल मंदावली. चेहरा असा झाला की विनोद सांगितला तरी हलेना. मापाच्या चिठ्ठ्यांवर त्याचे आकडे पूर्वी कसे टपोरे असायचे! ते मुंगीएवढे झाले. एका पँटची कंबर दोन इंच कमी शिवली गेली, कारण शिवणाऱ्या बाईला आकडाच लागला नाही. बोल अर्थातच दादाला.

मग मालकांनी त्याला बोलावलं. "मास्तर, गिऱ्हाईक बिचकतं हो. परवा माप देताना एकाने मला हळूच विचारलं, हे सकाळीच घेऊन येतात का?"

ज्या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, त्याच्याबद्दल हे! दादाने मान खाली घातली, टेबल सोडलं आणि काज-बटणांच्या खोलीत जाऊन बसला. मला वहिनीकडून कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान अर्ध्यावर बंद करून मी कारखान्यात गेले.

"कात्री हातात घेतल्यावर त्याचा हात किती हलतो, ते एकदा तरी बघितलंत का?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"नाही हलत, ताई," मालक म्हणाले. "पण एक कोट कापायला आता सबंध दुपार जाते. मी तरी काय करू?"

ते खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. मी त्यांना नाही नाही ते बोलले. दादा आतल्या खोलीच्या दारात उभा राहून ऐकत होता. घरी परतताना तो एवढंच म्हणाला, "कशाला उगाच?"

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं, "कंपवात आहे, आता हे असंच चालायचं," म्हणाले आणि गोळी लिहून दिली. फरक पडेना, तर गोळी वाढवली. वहिनीच्या भावाचं म्हणणं, हे सगळं मनाचे खेळ, मास्तरांनी मन घट्ट करायला हवं. त्याला मी विचारलं, तुमची दाढ दुखते तेव्हा तुम्ही काय घट्ट करता? त्यानंतर तो त्या घरी माझ्यासमोर आला नाही. बरंच झालं.

आता माझ्या पुडीबद्दल सांगायला हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दादाकडे जायचे ते त्याची महिन्याची औषधं बांधून घेऊनच. सकाळची पाकिटं वेगळी, रात्रीची वेगळी. रक्तदाबाची गोळी, पोटाची गोळी, चक्करेची गोळी, आणि अलीकडे कंपवाताची. गोळ्यांच्या खोक्यातली माहितीची घडी केलेली चिठ्ठी मी काढून टाकायचे, उगाच घरात कचरा कशाला! दादाच्या घरात डॉक्टरांचा कागद कधी नसायचाच. बहिणीचंच दुकान असताना कागद कशाला हवा? मला या पुडीचा फार अभिमान होता. त्याने माझ्यासाठी जे केलं, त्याची थोडी तरी फेड होतेय असं वाटायचं.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. बाई तरुण होत्या. त्यांनी दादाला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर गोगलगाईसारखं गोल गोल काढायला लावलं. मग मला म्हणाल्या, "घेतात त्या सगळ्या गोळ्या आणल्यात ना?"

मी पुडी त्यांच्या टेबलावर मांडली. जरा ऐटीतच. त्यांनी पेनच्या टोकाने एक गोळी बाजूला सरकवली.

"ही कशाची?"

"चक्करेची."

"कधीपासून घेतात?"

"सव्वातीन वर्षं झाली."

"किती दिवसांसाठी लिहून दिली होती?"

"पंधरा," मी म्हणाले. आणि माझं मलाच ऐकू आलं.

"मग सव्वातीन वर्षं देतंय कोण?"

माझ्या दुकानाचं नाव पाकिटावर छापलेलं होतं. बाईंनी शांतपणे सांगितलं की ही गोळी फार दिवस घेतली, तर काही जणांना, विशेषतः वय झालेल्यांना, अगदी कंपवातासारखा त्रास होतो. आधी ती बंद करा. बऱ्याच जणांचे हात सुधारतात, पण महिने लागतात. काहींचे पूर्ण सुधारत नाहीत.

बाहेर आल्यावर मी त्याच बाईंना नावं ठेवायला सुरुवात केली. बोलायची पद्धत आहे का ही? कालची पोर, मला शिकवते! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी रिक्षात बसून मारत होते. दादा शेजारी बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून.

दुकानात येऊन मी खोक्यातली ती घडीची चिठ्ठी उलगडली. बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं. अभ्यासातही होतं, मी परीक्षेत लिहिलंही असेल. त्या दिवशी माझ्या लाडक्या रागाला बाहेर जायला वाटच उरली नाही.

गोळी बंद केली. दोन महिने काहीच झालं नाही आणि मी झोपेला मुकले. तिसऱ्या महिन्यात चेहऱ्यावर हसू दिसायला लागलं. पाचव्यात उजवा हात शांत झाला, डावा दमल्यावर थोडा हलतो. पण टेबलामागे आता दुसरा मास्तर उभा आहे, आणि मालक त्याला काढणार नाहीत. मी होते म्हणून दादाचं टेबल गेलं, एवढं ते सरळ आहे.

इतके दिवस दादा मला यावर एक अक्षर बोलला नाही. मी शिव्यांची वाट बघायचे, आणि तो विचारायचा, जेवलीस का?

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा तो जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून कोटाची बाही कापत होता. सरावासाठी. मला बघवेना.

"दादा, चीड की एकदा माझ्यावर!"

तो कापत राहिला. मग म्हणाला, "चक्कर पहिल्याच महिन्यात थांबली होती."

"मग मला सांगितलं का नाहीस?" माझा आवाज नेहमीसारखा चढला.

त्याने कात्री टेबलावर आपटली. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"सांगू कधी?" दादा ओरडला. साठ वर्षांत पहिल्यांदा. "दर महिन्याला यायचीस आणि तासभर भांडायचीस! मालक नालायक, डॉक्टर नालायक, हिचा भाऊ नालायक! मी तोंड उघडलं की हातात पुडी! दोनदा सुरुवात केली मी. दोन्ही वेळा म्हणालीस, तू गप्प बस, मला कळतं! माझे हात होते ते! माझे!"

मला सगळ्याचं उत्तर सुचत होतं. नेहमीच सुचतं. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची ओढली आणि तोंड मिटून बसले. त्याचं अजून बरंच बोलायचं राहिलं होतं.