झाकणाऱ्याचं नाव

मुनव्वरबीच्या पोटात काही राहत नाही, हे शहागंजच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ सांगून आलं, कुणाची शेळी व्याली, बातमी हवी असेल तर तिच्या दारात घटकाभर उभं राहावं. मागून तर मिळतेच, न मागताही मिळते. एका बाबतीत मात्र ही बाई मुकी. तिच्याकडे रफूला आलेलं कापड कुणाचं, त्याला भोक कशानं पडलं, हे तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही.

याचं श्रेय तिच्या अब्बांना, इस्माईलमियाँ रफूगरांना. लेकीच्या हाती सुई दिली त्याच दिवशी त्यांनी तिला अल्लाचं एक नाव दिलं. सत्तार. म्हणजे झाकणारा. "तो सगळं बघतो, बेटा," ते म्हणाले, "मनातलंसुद्धा. आणि तरी झाकतो. आपलं ऐब त्यानं झाकावं असं वाटत असेल, तर आपण दुसऱ्याचं उघडं करायचं नाही. ज्याला हे जमत नाही, त्यानं हे नाव घेऊन काय फायदा?" मग लेकीच्या तोंडाकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला. "सुई तर तू शिकशील. जिभेचं काय करावं, म्हणून हे नाव देतो."

तेव्हापासून पहाटेच्या नमाजानंतर तिच्या तसबीहचे मणी याच नावानं सरकतात. सुईचा पहिला टाका घालतानाही ती पुटपुटते, "या सत्तार." आता साठी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, पण हात तसाच आहे. आणि जीभही.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी गारखेड्याहून तनुजा नावाची नवी सून तिच्याकडे आली. पिशवीतून तिनं हिमरूची, रेशमी वेलबुट्टीची शाल काढली आणि बोलायच्या आधी रडायलाच लागली. शाल सासूबाईंची, त्यांना त्यांच्या सासूनं दिलेली. नणंदेच्या साखरपुड्यात सासूबाई ती पांघरणार, म्हणून हिनं हौसेनं इस्त्री फिरवली. इस्त्री जास्त तापली होती. खांद्याखाली रुपयाएवढी जागा जळून गेली.

"आत्याबाई रोज सांगतात, इतकी वर्षं ही शाल वापरली पण एक ओरखडा नाही. वस्तू जपायला शिका म्हणतात. आता मी कुठल्या तोंडानं सांगू, खाला?"

"सांगू नको," मुनव्वरबी म्हणाली. "रडू बी नको, शालीवर डाग पडंल."

रफूला धागा बाजारातून आणत नाहीत. त्याच कापडाच्या दुमडीतून एकेक तार काढायची आणि भोकावर पुन्हा विणायची, म्हणजे रंग आपोआप जुळतो. मुनव्वरबीनं दुमड उसवली आणि तिचा हात थांबला. तिथल्या तारा आधीच कुणीतरी काढलेल्या होत्या. तिनं शाल उलटी केली, चष्मा पुसला, दुसऱ्या टोकाशी बोट फिरवलं. उलट्या बाजूला एक जुना रफू होता, आणि तो तिच्या अब्बांच्या हातचा होता.

मग तिला सगळं आठवलं. लासूर स्टेशनाहून, तेव्हा हे घर तिकडं होतं, बांगड्या भरायच्या निमित्तानं आलेली, घामाघूम झालेली एक तरणी सून. बंबातली ठिणगी उडून सासूची शाल जळाली होती. ती सून म्हणजे लक्ष्मीबाई. तनुजाची सासू, तिची आत्याबाई!

मुनव्वरबीच्या जिभेला अशी खाज सुटली की विचारू नका. पोरीला एवढं एकच सांगितलं असतं तर तिचं रडू तिथंच हसण्यात गेलं असतं. पण तिनं शाल सुलटी केली, दुमडीतल्या उरल्यासुरल्या तारा काढल्या आणि पहिला टाका घातला. "या सत्तार." संध्याकाळी नेहमीप्रमाणे घरात लोबानचा धूर फिरवला. शाल तिथंच खुंटीवर होती, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

चूक झाली ती तिथं. तनुजा शाल घेऊन गेली आणि पुढच्याच दिवशी खुद्द लक्ष्मीबाई दारात उभ्या राहिल्या. हातात तीच शाल.

"मुनव्वर, ह्याला लोबानचा वास कसा? हा वास मी इसरन व्हय? ही शाल तुझ्याकडं आलती ना?"

आली नव्हती म्हणावं तर खोटं. आली होती म्हणावं तर पोरीचं उघडं पडतं. "बसा तरी, चहा टाकते," एवढंच मुनव्वरबी म्हणाली.

"चहा नको." लक्ष्मीबाई बसल्या आणि एकदम खालच्या आवाजात बोलू लागल्या. "सुनेनं माझा जुना रफू पाहिला असंल. कुणाच्या हातचा, कशाचा, ते इचारायला आली असंल. रोज तिला तोंड वर करून जपायचं शिकवते मी. आता तिच्यापुढं काय पत राहिली माझी?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मुनव्वरबीला फार वाईट वाटलं. एका वाक्यात या बाईचा घोर मिटला असता, की सून बिचारी स्वतःचंच निस्तरायला आली होती. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"लक्ष्मीबाई, अब्बांनी तुमचं कधी कुणाला सांगितलं?"

"नाय."

"मग मी कशी सांगन? ह्या घरातून कुणाचंच बाहेर जात नाय. कुणाचंच."

लक्ष्मीबाईंनी वर बघितलं. मग शाल मांडीवर पसरली आणि सावकाश बोट फिरवत नेलं. ज्यानं एकदा लपवलंय त्याला दुसऱ्याचं लपवलेलं लगेच सापडतं. खांद्याखाली बोट थांबलं. त्यांनी ते त्याच जागेवर पुन्हा एकदा फिरवलं, आणि मग त्या खुदकन हसल्या.

"मला काय दिसलं नाय, मुनव्वर."

"मी कुठं काय म्हणलं?"

"तुझे अब्बा सुई घालताना काय म्हणायचे गं?"

"या सत्तार."

"व्हय, तेच. मी बी त्या दिवशी मनात म्हणत बसले होते. अर्थ ठावं नव्हता." शालीची घडी घालून त्या उठल्या. "आता टाक चहा."

साखरपुड्याच्या संध्याकाळी मुनव्वरबीचा फोन वाजला. मागे सनई, आणि तनुजाचा आनंदानं फाटलेला आवाज. "खाला, आत्याबाईंनी शाल सगळ्यांदेखत माझ्याच खांद्यावर घातली! आता तूच जप म्हणाल्या. त्यांना काही म्हणता काही कळलं नाही!"

मुनव्वरबीनं तोंडावर पदर दाबून धरला. हसू आवरेना, डोळे वाहायला लागले, आणि सबंध जन्मात सांगावीशी वाटलेली सगळ्यात गोड बातमी जिभेवर येऊन बसली.

"बरं झालं, बेटा," ती म्हणाली. "लई बरं झालं."

फोन ठेवून तिनं तसबीह हातात घेतली.