खोट्या कुस्तीतला खांदा

बायनाबाईला खोट्याची मनस्वी चीड होती आणि जगात तर खोट्याचाच सुकाळ, त्यामुळे म्हातारीचं डोकं वर्षाचे बाराही महिने तापलेलं असायचं. दूधवाल्याच्या दुधात पाणी, सरपंचाच्या बोलण्यात पाणी, आणि लग्नात नवरीपेक्षा मोठ्यानं रडणाऱ्या मावशीच्या डोळ्यांत मात्र थेंब नाही, असं ती चारचौघांत खणखणीत आवाजात म्हणायची. गेवराईजवळच्या त्या गावात तिनं नावं ठेवली नाहीत असं माणूस शोधून सापडलं नसतं. तरी तिच्याशी वैर धरायची कुणाची टाप नव्हती, कारण बायनाबाई निखळलेले सांधे बसवायची. आज तिला उलटून बोलावं आणि उद्या मोटारसायकल घसरली तर कोणत्या तोंडानं तिच्या दारात जायचं?

ही विद्या तिला सासऱ्यानं दिली. पोटचा पोरगा, म्हणजे बायनाबाईचा नवरा, या बाबतीत अगदीच दगड निघाला. त्यानं एका गड्याचं कोपर बसवायला घेतलं आणि होतं त्याहून वाकडं करून ठेवलं. तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला बाजूला सारून सुनेला शिकवलं. चाळीस वर्षांत तिनं किती खांदे, किती बोटं जाग्यावर घातली त्याला गणती नाही. घ्यायची फक्त एक नारळ. काम झालं की म्हणायची, "आता बीडला जाऊन फोटो काढून ये." तिकडचा डॉक्टर एक्स-रे बघून विचारायचा, "कुणी बसवलं?" हे तो कसल्या आवाजात म्हणाला, ते परत आलेल्या माणसाकडून ती दोन-दोनदा वदवून घ्यायची.

जत्रेतल्या पैलवानांचे खांदेही तिच्याकडेच यायचे. पण बाईमाणसानं कुस्तीच्या हौदाकडं फिरकायचं नाही, असा गावचा नियम. मग खांदा सुटलेल्या पैलवानाला उचलून देवळामागच्या कडुलिंबाखाली आणायचे आणि तिथं ती त्याच्या काखेत टाच रोवायची. निम्म्या तालुक्यातले पैलवान तिनं असे आडवे केले होते, कुस्ती मात्र एकही पाहिली नव्हती.

एवढ्या वर्षांत खरं दुखणं कोणतं आणि ढोंग कोणतं, हे तिला लांबूनच कळायला लागलं होतं. काम चुकवणारा गडी, माहेरी जायला निमित्त शोधणारी सून, अपघाताची भरपाई मागणारा पाहुणा, सगळे तिच्यापुढं कण्हून गेलेले. फार ओरडतो त्याचं हाड जाग्यावर असतं, असं ती म्हणायची. सांधा सुटलेला माणूस गप्प होतो. श्वाससुद्धा जपून घेतो.

अशा बाईला तिची नात राजनंदिनी बायकांच्या कुस्त्या बघायला घेऊन गेली. म्हणजे जे होणार होतं ते होणारच होतं.

निमित्त होतं सोमेश्वररावांच्या वाढदिवसाचं. हे सोमेश्वरराव जिल्हा परिषदेला उभे राहणार होते. गेली सहा वर्षं ते नुसते राहणारच होते. गेवराईबाहेर हायवेलगतच्या मैदानावर भलाथोरला फलक लावलेला, 'नारीशक्तीचा महासंग्राम'. त्यावर कुस्ती खेळणाऱ्या पोरींचे फोटो तिकिटाएवढे आणि सोमेश्वररावांचा हसरा चेहरा ट्रॅक्टरएवढा. बायकांना प्रवेश फुकट, वर एक स्टीलचा डबा. गावोगावी टेम्पो धाडले होते. बायनाबाईनं खुर्चीत बसल्या बसल्या डब्याचं झाकण लावून पाहिलं. लागेना.

"माणूस तसा डबा," ती म्हणाली.

"आजे, हळू बोल की. त्यांची माणसं मागंच बसल्यात."

"मग काय, त्यांला झाकण लागतंय व्हय?"

मैदानाच्या मधोमध दोरखंड बांधलेला चौकोनी मंच. धूर सोडला, कानठळ्या बसवणारी गाणी लावली आणि चकाकत्या काळ्या कोटातला एक इसम माईक घेऊन नाचत आला. हा मृत्युंजय, या कंपनीचा मालक. तोच निवेदक, तोच शिट्टी मारायला सांगणारा आणि शिट्टी आली नाही तर प्रेक्षकांवर डाफरणाराही तोच. त्यानं 'मिस दिल्ली' म्हणून जिला आणलं ती दोरीला अडखळली तेव्हा "अगं आई गं" म्हणाली, एवढं तिचं दिल्लीपण. दुसरी 'पाटोद्याची वाघीण'. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घातलेली सडपातळ पोरगी, नाव शिवानी. ही हरणार हे तिच्या कपड्यांच्या किमतीवरूनच कळत होतं.

कुस्ती सुरू झाली आणि बायनाबाईचं तोंडही सुरू झालं.

"गालाला हात लागलाच न्हाई. मांडीवर थापी मारली तिनं."

"आजे!"

"आन् ही पडायच्या आधीच वरडायली. फळ्या पोकळ हायेत खाली, म्हनून एवढा आवाज. ह्या पुढच्या बाया काहून किंचाळायल्यात गं? ह्यांला घरी कुनी मारलं तर गप बसतेत, आन् इथं खोट्या माराला रडू फुटायलंय!"

पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. बायनाबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्या पुन्हा वळल्या नाहीत.

मग मिस दिल्लीनं वाघिणीला उचलून फेकलं. फेकणं ठरलेलंच असणार, पण वाघीण पडताना हात टेकवून बसली. कोपऱ्यातल्या खांबाशी ती अर्धवट उठली, डाव्या हातानं उजवं कोपर धरून. आतापर्यंत सारखी ओरडणारी पोर एकदम मुकी झाली होती. खांद्याची गोलाई गेलेली आणि तिथं टोक आलेलं.

बायनाबाई खुर्चीतून उठली. "उतरला."

"काय उतरला?"

"खांदा. डबा धर."

मिस दिल्लीच्याही ध्यानात आलं असावं, कारण ती थबकली आणि पंचाच्या कानाशी लागली. पंचानं मालकाकडं पाहिलं. मालकानं गर्दीकडं पाहिलं. गर्दी रंगात आलेली. त्यानं हातानं खूण केली, चालू द्या! आणि माईकवर गरजला, "वाघीण अजून मेलेली नाही!" लोकांनी टाळ्या कुटल्या. पोरगी वेदनेनं पांढरीफटक पडलीय आणि हे हजार लोक खुशीत दात काढताहेत, याचा बायनाबाईला असा संताप आला की नऊवारीचा ओचा खोचून ती सरळ मंचाच्या पायऱ्या चढली.

मृत्युंजय आधी तिला अडवायला धावला. पण तेवढ्यात शिट्ट्यांचा पाऊस पडला आणि हा गडी वारा येईल तशी पाठ फिरवणारा. लगेच ओरडला, "आणि ही कोण आली? गेवराईची ढाण्या वाघीण!" मिस दिल्ली वाटेत उभी होती. "बाजूला सर गं, चमकी," बायनाबाई म्हणाली, आणि ती मुकाट्यानं सरली. लोक हसून हसून गडबडा लोळायचे तेवढे राहिले.

बायनाबाईनं पोरीला उताणं निजवलं, चप्पल काढली, काखेत टाच रोवली आणि मनगट धरून सावकाश ओढायला लागली.

"आज्जी," पोरगी पुटपुटली, "दोन महिन्यांनी माझी पोलीस भरती हाय. गोळा फेकायचाय. हात जाईल का?"

"कोन म्हनलं? वर बघ. श्वास सोड."

गर्दीला वाटलं, आजीनं डाव टाकला. सगळं मैदान आकडे म्हणायला लागलं, एक! दोन! पंचानंही गोंधळून फळीवर हात आपटले. तीन म्हणायला आणि सांधा आत जायला एकच गाठ पडली. घंटा वाजली. मृत्युंजयनं बायनाबाईचा हात वर धरला, सोमेश्वररावांनी लगबगीनं येऊन शाल पांघरली, फोटो काढले. "अरे, पोरीचा खांदा निखळलाय!" बायनाबाई माईकमध्ये ओरडली, त्यालाही टाळ्या पडल्या.

मंचामागं हिरव्या कापडाचा एक आडोसा केला होता. तिथं बायनाबाईनं शिवानीचा हात सोमेश्वररावांच्या शालीत गळ्याशी बांधला. सोमेश्वररावांच्या शालीचा आजवर कुणाला झालेला हा पहिलाच उपयोग.

"दीड महिना ह्या हातानं तांब्या सुदिक उचलायचा न्हाई," ती म्हणाली. "इतक्यात परत सुटला तर त्याला सवय लागती. मग गोळ्याच्या आधी तुजा खांदाच जाऊन पडंल."

"उद्या मांजरसुंब्याला शो हाय, आज्जी."

"जायचं न्हाई."

"माझी सगळी ओरिजनल कागदं सरांकडं हायेत. दहावी-बारावीचे मार्कलिस्ट, जातीचा दाखला, सगळं. शो सोडला तर देणार न्हाईत. कागदाबिगर भरतीला उभं करत न्हाईत."

तेवढ्यात सर स्वतःच आत आले, घामानं निथळत, आनंदानं फुलून. "एक नंबर, मावशी! उद्या मांजरसुंब्याला हेच करायचं. तुम्ही असंच खालून उठायचं, हिनं असाच हात धरायचा. परवा बीड. गाडी पाठवतो."

"सर, खांदा खरंच सुटलाय," शिवानी म्हणाली.

"मला शिकवतेस? कळवळायचं कसं, हे तुला मीच शिकवलंय."

बायनाबाईनं स्वतःला आवरलं. तिच्या मानानं फारच आवरलं. "आरं बाबा, चाळीस वर्सं हाडं बसवायलेय मी. माझा शब्द हाय. हिला दीड महिना सोड आन् हिचे कागद दे."

मृत्युंजय तिच्याकडं कौतुकानं बघत राहिला. जन्मभर खोट्याच्या भाकरीवर वाढलेला माणूस. खरं समोर आलं तरी त्याला ते ओळखीचं वाटत नव्हतं. "मावशी," तो म्हणाला, "काय ॲक्टिंग करता हो तुम्ही! इतकी वर्षं कुठं होतात?"

बायनाबाईच्या उभ्या आयुष्यात तिला कुणी एवढी मोठी शिवी दिली नव्हती. कापडाशी उभी असलेली राजनंदिनी तिला आवरायला पुढं सरकली. पण म्हातारी शांतपणे म्हणाली, "बरं. दे हात."

त्याला वाटलं सौदा ठरला. त्यानं हसत हात पुढं केला. बायनाबाईनं तो हातात घेतला, अंगठा नीट धरला आणि मागं एक हिसका दिला.

चाळीस वर्षांत तिनं सांधा उतरवला असा हा पहिलाच. मृत्युंजयनं जी बोंब ठोकली ती हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी ऐकली असेल. बाहेर दोर सोडणाऱ्या एका गड्यानं कापड बाजूला करून आत डोकं घातलं, दृश्य पाहिलं, "भारी, सर!" म्हणाला आणि कामाला गेला.

"खरं हाय! अरे, खरं हाय!" मृत्युंजय त्याच्या मागं ओरडला.

"ते मला म्हाईत हाय. तू खाली बस," बायनाबाई म्हणाली. "कागद."

त्यानं डाव्या हातानं बॅग ओढली, दातांनी चेन उघडली. राजनंदिनीनं फाइल घेतली आणि शिवानीला विचारत एकेक कागद तपासला. मार्कलिस्ट दोन्ही होत्या, दाखला होता, शाळा सोडल्याचा दाखला खालून सापडला. शिवानीनं फाइल छातीशी धरली आणि मग कुठं तिला रडू आलं. आडोशात बसून रंग पुसणारी मिस दिल्ली शिवानीचे कपडे गोळा करून पिशवीत भरायला लागली.

"मावशी, माझा अंगठा," मृत्युंजय रडकुंडीला येऊन म्हणाला.

"बसवते की. मी काय तुज्यासारखी हाय व्हय?"

तिनं पोरींना पुढं टेम्पोत जाऊन बसायला सांगितलं. मग पदरानं तोंड पुसलं, मांडी घातली आणि त्याचा हात मांडीवर घेतला. अंगठ्याचा सांधा झटक्यात बसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हा मात्र तिनं अगदी सावकाश बसवला.