फाट्यावरची बस आणि पांढरी मिशी

मेंटॉर म्हणजे काय, हे मी आधी नातवाला विचारलं. मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "आजी, पगार नसलेला मास्तर." तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. पण एका गावातल्या मुलींसोबत भिंत रंगवायला बोलावणारा फोनवरचा मुलगा 'मॅम, मॅम' करत इतकं गोड बोलत होता, की मी हो म्हणून बसले. नालवाडीत आजवर मला कोणी मॅम म्हटलं नव्हतं. लग्नघरच्या भिंतींवर हत्ती, केळीचे खांब आणि 'चि. सौ. कां.' रंगवण्यात माझी हयात गेली. तिथे मान एवढाच, "ओ पेंटरबाई, हत्तीले जरासा हसता काढा, नवरदेवाकडचे लय फुगले हायेत."

आमचे हे म्हणाले, "घरच्या भिंतीचे पोपडे पडून राह्यले, अन् तू चालली गावाच्या भिंती रंगवाले!"

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, हे खरंच. पण घोडं दारात आलंच होतं, मी बसले.

वर्ध्याच्या स्टँडवर तर्री घातलेला आलूबोंडा खाल्ला. तुम्ही जाल तर खा, फक्त पांढरे कपडे घालून खाऊ नका. पिशवीत गोरसपाक बिस्किटांचा पुडा टाकला आणि अल्लीपूरची बस धरली. बायकांना तिकीट अर्धं आहे, आणि 'अर्ध्या तिकिटात बाया फुकट हिंडून राह्यल्या' ही बाप्यांची तक्रार वाटभर फुकट ऐकायला मिळते. डिसेंबरची थंडी, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, आणि पुढे कापसाचा ट्रॅक्टर, जो कोणाला बाजू देत नाही.

अल्लीपूरहून पुढे काळीपिवळी जीप. ती शिटं भरल्याशिवाय हलत नाही. माझं एकटीचं माप काळीपिवळीवाल्यानं दीड शीट धरलं आणि गाडी लवकर सोडली, त्याचं भलं होवो. ज्या फाट्यावर उतरले त्या गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

फाट्यावर एक प्रवासी निवारा आहे. ज्यांनी तो बांधला त्यांचं नाव निवाऱ्यापेक्षा मोठं आहे. त्याची रस्त्याकडची भिंत आम्ही रंगवायची होती. 'आम्ही' म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या गावातल्या पाच-सहा मुली, त्यांची मेंटॉर मी, आणि फोनवरचा तो, मोठ्या शहरातल्या संस्थेचा निहार. निहार पोरगा वाईट नाही. खादीचा कुर्ता, गळ्यात ज्यूटची पिशवी, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'ॲक्च्युअली'. त्याने चित्र छापूनच आणलं होतं. गोल धरून नाचणारे पांढरे वारली, एक तारपा फुंकणारा, मागे ताडाची झाडं.

"ॲक्च्युअली, मुली आदिवासी आहेत ना, म्हणून आपण वारली घेतलंय," निहार म्हणाला.

मुली गोंडांच्या. त्यातली रोशनी सगळ्यांत हुशार, हातात रेष असलेली. घरी आईशी त्यांच्या भाषेत बोलते, बाहेर आपल्या. कागद उलटासुलटा करून तिने मला विचारलं, "आजी, हे कोनते लोक होय?"

"वारली. पार तिकडं समुद्राच्या बाजूचे."

"मंग आमच्या फाट्यावर येऊन काऊन नाचून राह्यले?"

मागून तिची मैत्रीण मयुरी बोलली, "बस नाई थांबली असन वं. थंडी वाजून राह्यली असन."

सगळ्या हसल्या. निहारही हसला, कारण त्याला वाटलं विषय पसंत पडला. वारली चित्रांशी माझं भांडण नाही, देखणी कला आहे. पण शौचालयापासून कचेरीपर्यंत आपण ते बिचारे नाचवत ठेवलेत. त्यांनाही एकदा खाली बसू द्या की.

मुक्काम 'होमस्टे'. होमस्टे म्हणजे रोशनीच्या आईने स्वतःची खाट मला देणं आणि आपण खाली झोपणं. जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची झणझणीत आमटी आणि वर हिरवा ठेचा. खाटेवरून मी तीनदा उतरले, तीनदा तिने पुन्हा बसवलं.

मयुरीच्या थट्टेतली बस मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली. मुली दप्तरं घेऊन ओळीने उभ्या. हिंगणघाटची बस लांबून आली, मुलींनी हात केले, मीही केला. ड्रायव्हरने काळा गॉगल, जाड काळी मिशी आणि वर उचललेली हनुवटी यातलं काहीही न हलवता गाडी सरळ नेली. आमच्या वाट्याला धूळ.

"गाडी भरेल असते म्हन्ते. मागून दुसरी येते म्हन्ते," रोशनी म्हणाली.

"येते का?"

"आजी, तुमी बी ना!"

काळीपिवळीची शिटं भरेपर्यंत पहिले दोन तास बुडतात. कॉलेजात हजेरी कमी पडलेल्या मुलींची नावं लागली होती, त्यात रोशनीचं होतं. असंच चाललं तर परीक्षेला बसू देणार नव्हते. आणि परीक्षा हुकली की घरी पुढचं बोलणं काय निघतं, ते मला सांगायला नको. लग्नाच्या भिंती मीच रंगवते.

त्या दिवशी पहिले तास गेलेच होते, तेव्हा मुली भिंतीपाशीच थांबल्या. रोशनीने निहारचा कागद घडी घालून त्याच्या हातात दिला. "सर, मले बस काढाची हाये. भिंतभर."

"पण ॲक्च्युअली, बस ही तुमची आयडेंटिटी नाहीये."

"माही आयडेंटिटी कॉलेजच्या गेटावर दाखवा लागते, सर. थे बी बस भेटली तं."

निहार माझ्याकडे पाहू लागला. मेंटॉर अशा वेळी काय करतो ते नातवाने सांगितलं नव्हतं. मी गोरसपाक पुढे केला.

तोड रोशनीनेच काढली. "तुमच्या वारल्यायलेबी घेऊ. खिडकीत बसवू त्यायले. थकले असतीन नाचून नाचून."

मग कामाला जोर आला. सुताच्या दोरीला नीळ लावून सरळ रेघा कशा मारायच्या ते मी दाखवलं. चाकं गोल येईनात, तेव्हा शेजारची मोठी परात आणून भिंतीला लावली आणि भोवती खडू फिरवला. परातवाली दर तासाला येऊन "पाहुणे येऊन राह्यले, माही परात!" म्हणून ओरडून जायची. पाहुणे काही आले नाहीत. वारली खिडक्यांत बसले, तारपेवाल्याला दाराजवळ उभं राहावं लागलं. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, रस्त्यापलीकडे जाऊन पाहा, भिंतीला नाक लावून चित्र कळत नाही.

ड्रायव्हरपाशी रोशनी अडली. "आजी, थो आमच्याकडं पाहात नाई, हे कसं दाखवू? गॉगलात डोये दिसत नाई."

"हनुवटी वर घे."

तिने बोटभर वर घेतली. रस्त्यापलीकडून पाहिलं आणि मला हुबेहूब धूळ खाल्ल्यासारखं झालं.

संस्थेचं बोधचिन्ह कुठेतरी यायलाच हवं होतं. ते बसच्या मागे, जिथून धूर निघतो, तिथे आलं. ते मी केलं, मुलींना बोल लावू नये.

शेवटच्या संध्याकाळी ड्रायव्हरची मिशी ओली असतानाच कापसाचा एक ट्रॅक्टर गेला. ताडपत्री फाटलेली. कापूस उडाला आणि नेमका मिशीला चिकटला. सकाळपर्यंत पक्का. काळ्या मिशीचा तरणा ड्रायव्हर एका रात्रीत आजोबा झाला. खरवडायला वेळ नव्हता, कारण सकाळी उद्घाटन होतं.

उद्घाटनाला पाहुणे वेळेवर येत नाहीत, हा नियम इथेही पाळला गेला. फीत बांधलेली. निहार माइकवर सांगत होता, "या भिंतीतून मुलींचा आवाज..." तेवढ्यात बस आली. मुलींनी हात केले. बस नेहमीसारखी पुढे गेली.

आणि करकचून थांबली. मग मागे आली.

ड्रायव्हर खाली उतरला. गॉगल काढला. भिंतीकडे पाहिलं. "हे कोनं काढलं?"

रोशनी पुढे झाली. "म्या."

"हा मी होय का?"

"काय माईत, काका. आमाले तुमचं तोंड नीट दिसते कुठं? निंगून जाता तुमी."

बसच्या खिडक्यांतून हसणं फुटलं. ड्रायव्हर भिंतीपाशी गेला आणि बोटाने मिशी चाचपली. "अन् मिशी पांढरी काऊन काढली? मी म्हातारा हाओ का? माह्या घरचे जातेत इकडून!"

"कापूस चिपकला, काका. करतो काळी."

तो नखाने न निघणारा कापूस खरवडत होता तोवर मयुरी आणि बाकीच्या मुली बसमध्ये चढल्याही होत्या. भरलेल्या बसमध्ये जागा झाली. जागा अशीच होते, गाडी थांबल्यावर. रोशनी रंगलेल्या हातांनीच चढली. कंडक्टरने डबल बेल दिली.

"अरे, एक मिनिट! फीत!" निहार धावला. बस गेली. थोड्या वेळाने पाहुणे आले तेव्हा मुलींचा आवाज हिंगणघाटला पोचत आला होता. फीत कापताना टाळ्या वाजवायला मी, निहार आणि परातवाली.

आता घरी आहे. ह्यांनी पोपडे तसेच जपून ठेवलेत. लोक विचारतात, काय मिळालं जाऊन? संस्थेने प्रमाणपत्र पाठवलं, त्यात माझं आडनाव चुकलंय. निहारने फोटोंखाली 'लोककलेचा समकालीन आविष्कार' असं काहीसं लिहिलंय. लिहो बापडा. चित्र कोणाला शिकवलं असं काही मला वाटत नाही, फार तर हनुवटी बोटभर वर नेली.

पण काल रोशनीचा फोन आला. मागे बसचा खडखडाट.

"आजी, रोज थांबून राह्यली गाडी. थो रोज उतरून विचारते, मिशी केव्हा काळी करता?"

"मग काय सांगता?"

"सांगतो, रंग आनून राह्यलो काका, उद्या करतो."

"आणि करणार कधी?"

"परीक्षा झाल्यावर," ती म्हणाली. "हजेरी पुरी होऊ द्या ना."

म्हणून गावाचं नाव लिहिलं नाही. तरी तुमच्यापैकी कोणी हिंडत हिंडत त्या फाट्यावर पोचलंच, तर बस पाहा, वारल्यांना रामराम करा, फोटो काढा. आणि पिशवीत काळा रंग असेल तर तो पिशवीतच राहू द्या.