अजितकुमारांची राखीव पेटी

रिसोडच्या धान्यबाजाराला लागून जी अरुंद गल्ली जाते, तिच्या तोंडाशी अजितकुमारांचे दुरुस्तीचे दुकान आहे. वडील किराणा विकत. मुलाने गूळ-हरभऱ्याच्या त्याच दुकानात आधी रेडिओ उघडायला घेतले, मग टीव्ही, आणि गावात केबल आली तेव्हा खांबावर चढून पहिली तार ताणणाऱ्यांत तेच होते. पुढे इंद्रभान या मोठ्या शेतकऱ्याने स्थानिक वाहिनी काढली. तिचा नियंत्रणकक्ष अजितकुमारांनी उभा केला आणि अर्धे आयुष्य सांभाळला. घराणे सैतवाल जैन; सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी, मोजके बोलणे. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाऊल आवरून धरणारा हा मनुष्य एका माणसाचा सूड घेण्यासाठी दोन वर्षे जगला. तो त्याने कसा घेतला, हे सांगण्याजोगे आहे. कारण त्यात त्याने कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही, आणि तरीही कणभरही दया दाखवली नाही.

नियंत्रणकक्षाचा सारा कारभार एका कंट्रोलरवर चालतो. अजितकुमार त्याला नुसते 'पेटी' म्हणत. कोणत्या क्षणी कोणता कॅमेरा, केव्हा जाहिरात, केव्हा भजन, केव्हा सोयाबीनचे भाव, हा क्रम तिच्यात भरलेला असतो आणि ती तो निमूटपणे पाळते. ती थबकली की चित्र आणि ध्वनी दोन्ही लोपतात. म्हणून मालकाच्या मागे लागून अजितकुमारांनी दुसरी पेटीही घेववली होती आणि वेळप्रसंगासाठी कपाटात जपून ठेवली होती.

पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेचे थेट प्रक्षेपण हा वाहिनीचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. तांड्यातांड्यांतून माणसे लोटतात; ज्यांचे गुडघे थकले, ज्यांच्या मांडीवर तान्हे मूल आहे, ती घरीच पडद्यापुढे हात जोडतात. दोन वर्षांमागे नेमका भोग अर्पण होत असताना, अग्नीत तूप पडत असताना, पेटी थबकली. अजितकुमार कपाटाकडे धावले. कपाट रिकामे होते.

वाहिनीचा व्यवस्थापक मदनसिंग याने राखीव पेटी कोणाला न सांगता मानोरा गावी नेली होती. तेथे अनेक कॅमेऱ्यांनी लग्ने टिपण्याचा त्याचा खाजगी धंदा होता आणि त्या दिवशी एका बड्या घरचे लग्न होते. भोग संपला तरी पडदा काळाच राहिला. मालक यात्रेत होते. ते परतण्यापूर्वी मदनसिंगने पेटी आणून जागच्या जागी ठेवली, आणि संध्याकाळी स्वतः पडद्यावर येऊन हात जोडले. त्याचा स्वर विनयाने ओथंबलेला होता. तो म्हणाला, "आमचे अजितकुमारजी आता वयानं थकले आहेत. भोगाच्या वेळी त्यांना जरा डुलकी लागली. त्यांच्या वतीनं मी सर्वांची क्षमा मागतो."

मालकाने कपाट उघडून पाहिले. पेटी तिथेच होती. कपाट तेव्हा रिकामे होते, हे अजितकुमारांचे सांगणे त्यांना पटले नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? पुरावा अजितकुमारांच्या विरुद्ध शांतपणे कपाटात बसला होता. अजितकुमारांनी किल्ल्या मेजावर ठेवल्या आणि काम सोडून ते घरी आले.

मग गावाने आपले काम सुरू केले. चहावाला त्यांना पाहून कडक चहा टाकू का, म्हणून विचारी. बाजारात हमाल एकमेकांना हळू बोलायला सांगत, अजितभाऊ जागे होतील म्हणून. मुलीचे, रुचिकाचे, लग्न झाले तेव्हा जावयाच्या मित्रांनी जेवणाच्या पंगतीत त्यांच्या पाटाशेजारी एक उशी ठेवली. सारा मांडव हसला. अजितकुमारही हसले; त्यांनी ती उशी उचलली, नीट झटकली आणि परत दिली. त्या क्षणी त्यांच्या अंतःकरणात जे गोठले, ते पुढे कधी वितळले नाही.

त्यांच्या धर्मात दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. लहानथोर सर्वांपुढे हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचे, वर्षभरात जाणता-अजाणता दुखावले असेल त्याची क्षमा मागायची आणि द्यायचीही. अजितकुमार त्या दिवशी घरोघर गेले. समोरच्या दुकानदाराशी दहा वर्षांचे वैर होते, त्यालाही हात जोडले. मदनसिंगच्या दारावरून मात्र ते मान ताठ ठेवून पुढे निघून आले. त्यांच्या पत्नी हीराबाई आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिले आणि संध्याकाळी विषय काढला.

"एकाले वगळून मागतली, त ते क्षमा कायची जी?"

"त्याच्या वाटची क्षमा त्यानंच माह्या नावानं मागून ठेवली हाये," अजितकुमार म्हणाले. "ते परत घेतल्याशिवाय माह्यापाशी देण्यासारखं काही उरलं नाही."

दुसऱ्या वर्षीही ते त्या दारावरून तसेच गेले.

क्रोध दोन प्रकारचा असतो. एक गवताच्या आगीसारखा. भडकतो आणि विझतो. दुसरा अग्निहोत्र्याच्या अग्नीसारखा; त्याला रोज समिधा घालाव्या लागतात, राखेखाली जपावे लागते. अजितकुमारांचा क्रोध दुसऱ्या जातीचा होता. दुकानात सोल्डरिंग करताना ते मनाशी एकच वाक्य म्हणत: डुलकी लागली. ते वाक्य ज्या तोंडातून निघाले, त्याच तोंडातून, त्याच पडद्यावर, त्याच लोकांपुढे ते मागे घेतले गेले पाहिजे. याहून कमी काही त्यांना नको होते. याहून अधिकही नको होते.

यंदा संधी चालून आली. यात्रेच्या समितीतले वयोवृद्ध हरिसिंग यांनी मालकाला स्पष्ट बजावले की, भोगाच्या वेळी पुन्हा अंधार होणार असेल तर वाहिनीने यायचेच नाही. इंद्रभान मालक स्वतः दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. पेट्या नव्या घेऊ, माणूस मात्र जुनाच हवा, असे त्यांनी सांगितले. अजितकुमारांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि दोन अटी घातल्या. पेट्यांना त्यांच्याखेरीज कोणी हात लावायचा नाही. आणि रामनवमीच्या सकाळी, गर्दीचे चित्र प्रत्यक्ष प्रक्षेपित होत असताना, मुख्य पेटीची विजेची तार ओढून परीक्षा घ्यायची. बंद खोलीत उत्तीर्ण झालेल्या पेटीवर त्यांचा भरवसा नव्हता. ही तार मात्र व्यवस्थापकाने स्वतःच्या हाताने ओढायची, कारण कक्ष त्याच्या ताब्यात आहे.

मालकाला यात वावगे काही दिसले नाही. उलट त्यांनी आपलीही एक भर घातली: ज्याच्या हातून अंधार होईल, त्याने त्याच दिवशी वाहिनीची पायरी उतरावी.

मग अजितकुमार कामाला लागले. त्यांनी दोन पेट्या शेजारी मांडल्या, पण एकीला वीज इन्व्हर्टरवरून दिली आणि दुसरीला वेगळ्या बॅटरीवरून, कारण एकाच बोर्डात खोचलेल्या दोन पेट्या एकाच झटक्यात मरतात. मुख्य पेटीत जो क्रम भरला जाई, तो क्षणोक्षणी राखीव पेटीतही उमटे. दोघींमध्ये एक तार होती. मुख्य पेटी तिच्यातून सतत एक सूक्ष्म ठोका पाठवत राही, आपण जिवंत आहोत असे सांगणारा. ठोका थांबला की राखीव पेटीने आपणहून सूत्रे हाती घ्यायची. श्रौत यज्ञात ब्रह्मा नावाचा एक ऋत्विज असतो. तो आहुती देत नाही. मौन धरून बसतो, प्रत्येक कर्म मनाने पाहत राहतो, आणि कोठे चूक झालीच तर प्रायश्चित्ताने यज्ञ सांधून घेतो. त्या राखीव पेटीचे आसन तसेच होते.

तिच्या अंगावर एक कळ होती. ती एका बाजूला असली तर पेटी आपोआप काम हाती घेई. दुसऱ्या बाजूला फिरवली तर माणसाने बटण दाबेपर्यंत नुसती वाट पाहत राही. त्या कळीवर बोट ठेवून अजितकुमार बराच वेळ उभे राहिले होते. कळ फिरवून ठेवावी, मदनसिंगने तार ओढताच पडदा काळा व्हावा आणि त्याने पायरी उतरावी, हा मोह त्यांना झालाच. त्यांनी तो सोडला, पण करुणेने नव्हे. अंधार झाला असता तर मदनसिंगने त्याचीही एखादी गोड कथा रचली असती. अजितकुमारांना त्याची नोकरी नको होती. त्याची जीभ हवी होती. त्यांनी कळ 'आपोआप'वर ठेवली आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी लावून ती झाकली.

सारा डाव मदनसिंगच्या मनावर लावलेला होता. हा मनुष्य अजितकुमारांच्या जागी असता तर त्याने कळ नक्कीच फिरवली असती, आणि प्रत्येक जण आपल्यासारखाच आहे असे तो मानत असे. उलट त्याने मुकाट्याने तार ओढली असती, तर चित्र जराही हलले नसते, लोकांनी त्याची वाहवा केली असती आणि दोन वर्षांचा अग्नी फुकट गेला असता. हा धोका अजितकुमारांनी पत्करला होता.

रामनवमीची सकाळ. कक्षात चौघे होते: मालक, मदनसिंग, अजितकुमार आणि निवेदिका निकिता. पडद्यावर पोहरादेवीची गर्दी, पांढरे ध्वज, नगाऱ्याचा ठेका. मदनसिंग मुख्य पेटीच्या तारेपाशी वाकला. त्याची नजर चिकटपट्टीवर गेली आणि तिथेच अडकली.

"अजितभाऊ, हे ऑटोवर हाये ना?"

"तुमी वढा. दिसनच."

"नाही, पन सांगा त खरं."

"मले डुलकी लागली असन, त काय सांगू?"

निकिताने ओठ दाबून हसू आवरले. मदनसिंगने तारेला हात लावला आणि पुन्हा काढला. त्याने ती पट्टी काढायला सांगितले. अजितकुमारांनी मालकाला अटीची आठवण करून दिली, पेट्यांना दुसऱ्याने हात लावायचा नाही. मालकाने मान डोलावली आणि मदनसिंगला आटोपायला सांगितले. हरिसिंगबाबा तिकडे पोहरादेवीला पडद्याकडे डोळे लावून बसले होते. मदनसिंग सरळ उभा राहिला आणि मालकाकडे वळला.

"मालक, हा माणूस दगा करून राह्यला. मी तार वढली का पडदा काळा होईन, अन् नाव माह्यं लागन. बदला घेऊन राह्यला हा."

"बदला?" इंद्रभान म्हणाले. "कायचा बदला?"

मदनसिंगने पुन्हा चिकटपट्टीकडे बोट दाखवले.

"तुहा बदला त्यानं कायले घ्यावा?" मालकांचा आवाज शांत होता, त्यांना खरोखरच समजत नव्हते. "झोपला होता तो. तू त त्याच्यासाठी लोकाईची माफी मागतली होती, मदन. उपकारच केला तुनं."

पडद्यावर नगारा वाजत होता. अजितकुमार भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी हाताची घडीही मोडली नाही. त्यांना त्या क्षणी मदनसिंगच्या मनातली प्रत्येक वाट दिसत होती. तार ओढावी तर पायरी उतरावी लागणार. न ओढावी तर का नाही, ते सांगावे लागणार. अजितकुमारांवर सुडाचा आरोप सिद्ध करायचा तर सुडाचे कारण स्वतःच्या तोंडाने द्यावे लागणार.

"बोल ना," मालक म्हणाले.

"पेटी कपाटात नोहती त्या दिवशी," मदनसिंग जमिनीकडे पाहत म्हणाला. "मी नेली होती. मानोऱ्याले, लग्नाले. हे जागेच होते. आता याच्यावरून समजून घ्या मालक, हा काहून असं करून राह्यला ते."

इंद्रभान मालकांनी अजितकुमारांकडे पाहिले. त्या पाहण्यात खेद होता, आणि प्रश्नही होता: आता झाले ना? मिटले ना?

"मले नका सांगू," अजितकुमार म्हणाले. "मले ठाऊकच होतं. ज्याईले तवा सांगतलं, त्याईलेच सांगा."

मदनसिंग गयावया करू लागला. दोन वर्षे झाली, लोक विसरले, मुलीचे स्थळ पाहायचे आहे. अजितकुमारांनी ते सारे लक्षपूर्वक ऐकले. त्यांच्या मुलीच्या मांडवातली उशी त्यांना आठवली की नाही, कोण जाणे. मालक उठले आणि त्यांनी निकिताला खुर्ची रिकामी करायला सांगितले.

यात्रेची गर्दी पडद्यावरून सरली आणि मदनसिंगचा चेहरा आला. हात त्याने जोडले होते, पण या वेळी स्वराला मध नव्हता. पेटी आपण नेली होती, अजितकुमार जागे होते, डुलकी हे आपण रचलेले खोटे होते, इतके तो बोलला. शेवटी अजितकुमारांची क्षमा मागताना त्याने कॅमेऱ्याऐवजी त्यांच्याकडे पाहिले. घरोघरी, दुकानोदुकानी, रिसोडच्या बसस्थानकासमोरच्या उपाहारगृहात लोकांनी ते पाहिले. अजितकुमारांनी मान हलवली नाही, होकारार्थी नाही, नकारार्थीही नाही.

मदनसिंग खुर्चीवरून उठला. सारे संपले अशा समजुतीने तो दाराकडे निघाला. गर्दीचे चित्र पुन्हा सुरू झाले होते.

"तार राह्यली," अजितकुमार म्हणाले.

"आता कायले, अजितभाऊ?"

"परीक्षा झाल्याशिवाय भोग कसा दाखवायचा? वढा."

मालकानेही तेच सांगितले. मदनसिंग परत वाकला. त्याने डोळे मिटले आणि तार ओढली. मालकांची आणि निकिताची दृष्टी पडद्यावर खिळली. एका पेटीवरचा हिरवा दिवा विझला, दुसरीवरचा उजळला. ध्वज फडकत राहिले, नगाऱ्याचा एक ठोकाही चुकला नाही.

पडद्याकडे पाहत नव्हते ते एकटे अजितकुमार. ते मदनसिंगच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्याने डोळे उघडले, चित्र पाहिले, झाकलेली कळ पाहिली, आणि हळूहळू त्याला उमगले.

"म्हंजे हे ऑटोवरच होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग मी..." मदनसिंगच्या हातात ओढलेली तार तशीच लोंबत होती.

अजितकुमारांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, मुख्य पेटीत नीट बसवली आणि ठोका पुन्हा सुरू झाल्याची खात्री करून घेतली. पोहरादेवीहून भोगाची तयारी झाल्याचा निरोप आला, तेव्हा ते आपल्या जुन्या खुर्चीवर बसले होते.