मशीनगनवर टांगलेली टोपी

आमच्या गोरेगावच्या चाळीतले सहदेवकाका परब सिनेमात मरायचे. गिरणीतून कमी केल्यावर ते स्टुडिओत एक्स्ट्रा म्हणून लागले. तेव्हापासून कधी तलवारीने, कधी भाल्याने, एकदा तर हत्तीच्या पायाखाली; दर पिक्चरला मरण ठरलेलं. शेवटी सुगंधाकाकी कडाडल्या.

"थेटरात शेजारणी माका टोचतत, 'काकी, गेले गं तुमचे!' आणि मी हयसर कुकू लावून बसलंय! एका पिक्चरात तरी जिते रवा. नायतर मी थेटराची पायरी चढूचंय नाय."

पुढचं पिक्चर होतं अमेरिका-मेक्सिकोच्या सरहद्दीवरचं, तेव्हा चाळीसेक वर्षं जुन्या, १९१६च्या सुमाराच्या चकमकींचं. टेकडीच्या पायथ्याशी निवडुंग रोवले, झाला मेक्सिको. क्रांतिकारक सगळे कुडाळ-मालवणचे. अमेरिकन शिपाई बोरिवलीचे, जरा उजळ म्हणून. आमच्या चाळीतला नंदू तेवढा गोरा, त्याला मशीनगनवर बसवला. पुढचं सगळं नंदूने सांगितलेलं.

बंदुका प्रॉपर्टीवाल्या चंद्रप्रकाशने फोटो बघून बनवल्या होत्या. क्रांतिकारकांना माउझर, शिपायांना स्प्रिंगफील्ड आणि नंदूपुढे बेनेट-मर्सी मशीनगन. तिला काडतुसांची पत्र्याची पट्टी बाजूने सरकवून द्यायची.

डायरेक्टरसाहेब भोंग्यातून ओरडले, "मशीनगन चलेगी, सब मरेगा! सहदेव, तू सबसे पहले!"

काका जागचे हलले नाहीत. "चंद्रप्रकाश, माझ्या बंदुकीत गोळ्यो किती?"

"पाच."

"आणि त्या शिपायांच्या?"

"पाचच."

"तेंच्याय पाच, माझ्याय पाच. मग मी पैलो कित्याक मरू?"

"अरे बाबा, मशीनगन है ना! तीस गोली!" साहेब मध्येच ओरडले.

"तीस संपल्यार?"

"दुसरी पट्टी लावतात," चंद्रप्रकाश म्हणाला. "घाईत उलटी घातली तर अडकते. खऱ्या गनचंही तसंच व्हायचं म्हणे."

"बरा तर. मी पट्टी संपासर वाकान धावतंय."

साहेबांचा आवाज चिरकला, "सहदेव! आज नहीं मरा, तो कल से गेट बंद!"

"बंद तर बंद. पण मी मरूचंय नाय!"

ॲक्शन! धूर, धुरळा, कुडाळ-मालवणची मंडळी पटापट आडवी. काका वाकून धावतायत. पट्टी संपली. नंदूने घाबरून दुसरी खुपसली, ती नेमकी उलटी. खटाक्! ना पुढे, ना मागे.

"सहदेवकाका, पडा ना! माझी वाट लागेल!"

"आधी तुझी गनच पडली मरे!" असं म्हणत काका थेट मशीनगनपाशी आले. डोक्यावरची वेताची मोठी मेक्सिकन टोपी काढली आणि नळीवर टांगली. मागे मेलेल्यांतले दोघे-तिघे उठून टाळ्या वाजवायला लागले.

दुसऱ्या दिवशी गेट बंद. काका घाटकोपरला खोकी ठोकायच्या कामाला लागले.

शूटिंगची कोरी फिल्म मिळायची मारामार, त्यामुळे तो सीन पुन्हा घेतलाच नाही. टाळ्या कापल्या, टोपी ठेवली. पिक्चर लागलं तेव्हा सुगंधाकाकी ठसठशीत कुंकू लावून अख्खी चाळ घेऊन गेल्या. पडद्यावर टोपी टांगली गेली तशा शिट्ट्या पडल्या. काकी खुर्चीवरून उठल्या आणि मागच्या रांगेकडे वळल्या.

"बघलास? मरूक नाय! कामावरनं काढल्यानी, पण मरूक नाय!"

"काकी, खाली बसा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"तू बस!" काकी म्हणाल्या, आणि सीन संपेपर्यंत उभ्याच राहिल्या.