सुपडूनाना स्टेअरिंगवाले

दुकानात गिऱ्हाईक आलं की सुपडूनाना त्याला आधी हात पुढे करायला लावत. ट्रकचा ड्रायव्हर असो की मोटारीतून उतरलेले वकीलसाहेब, नाना त्याचे तळवे उलटसुलट करून बघत, घट्टे चाचपत, बोटांची लांबी दोरीनं मोजत आणि मगच गाडीबद्दल विचारत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझीही अशीच तपासणी झाली. डॉक्टर असून मी मुकाट्यानं हात पुढे करून उभी होते.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात मी धुळ्याला नोकरीवर रुजू झाले आणि एक जुनी विलायती मोटार घेतली. तिच्या स्टेअरिंगला वयोमानानं भेगा पडल्या होत्या, आणि दुपारी हात लावला की चटका बसे. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं आग्रा रोडवरच्या नानांकडे पाठवलं. नानांनी भेगा बुजवल्या, माझी बोटं आखूड म्हणून कड थोडी तासून बारीक केली आणि वर बकऱ्याचं मऊ कातडं ओढून मेणाच्या दोऱ्यानं शिवून टाकलं. "चाक गोल ऱ्हास ताई, पन हात गोल नही ऱ्हास," असं ते काम करता करता म्हणाले. हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल.

दुकानाच्या भिंतीवर जुनी स्टेअरिंगं टांगलेली असत. एका संस्थानिकाच्या जुन्या मोटारीचं होतं. त्याच्या प्रत्येक दांडीच्या जागी चार-चार बारीक तारा होत्या. खड्ड्याचा हिसका तारांमध्येच विरतो, मनगटापर्यंत येत नाही, असं नाना समजावून सांगत. लढाईच्या वेळच्या जीपचं होतं, तीन सडपातळ दांड्यांचं. हस्तिदंती रंगाचं, आत हॉर्नची चकचकीत कडी असलेलं एक होतं. ते मात्र त्यांना पसंत नव्हतं. दिसायला नवरीसारखं, पण घामानं निसटतं, अशी त्यांची तक्रार. एकदा एका परदेशी मासिकातलं चित्र त्यांनी मला दाखवलं. त्या स्टेअरिंगचा मधला भाग खोलगट होता, धडक बसली तरी ड्रायव्हरच्या छातीत घुसू नये म्हणून. ज्यानं हे शोधून काढलं त्याच्या घरी कुणीतरी ड्रायव्हर असणार, असं नाना म्हणाले.

दौलत माझ्याकडे आला तो रक्तानं भिजलेला पंचा हाताला गुंडाळून. दोंडाईच्याच्या एका शेठजींच्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता. मिरच्यांची पोती उतरवताना ट्रकचा मागचा फाळका निसटून त्याच्या उजव्या हातावर पडला होता. अंगठा आणि शेजारचं बोट वाचलं, बाकीची तीन मलाच काढावी लागली. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला, यावेळी दाखला मागायला. डॉक्टरांनी लिहून दिलं तर शेठजी त्याला कामावर ठेवणार होते. घरी बायको, तीन मुलं आणि आंधळी आई. मी नाही म्हटलं. गिअर टाकताना डावा हात खाली जातो आणि सगळी गाडी उजव्या हातावर असते. दोन बोटांवर मी ती कशी सोपवू? तो उठून गेला.

आठवड्यानं नाना दवाखान्यात आले. दौलत त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. उरलेल्या हातात जोर किती आहे, दुखतं कुठे, एवढंच बारकाईनं विचारून घेतलं. मग ओल्या मातीत दौलतच्या पंजाचा ठसा घेऊन त्यांनी शिसवाची एक मूठ कोरली, कातड्यानं मढवली आणि ट्रकच्या स्टेअरिंगवर घट्ट बसवली. तळवा तीत असा बसे की बोटांची गरजच उरू नये.

आम्ही तिघं लळिंगच्या घाटात गेलो. दौलतनं ट्रक चढवला, उतरवला, वळवला. माझी खात्री पटली. खाली येऊन मी पर्समधून दाखल्याचा कागद काढला, तेव्हा नानांनी त्यावर हात ठेवला.

"सही नका करू ताई. मन्हं काम आजून कच्चं शे."

मूठ घट्ट बसवलेली असल्यामुळे वळणावर चाकाबरोबर मनगटही पिरगळत होतं, आणि दौलत खांदा उचलून ते लपवत होता. मी डॉक्टर असून मला दिसलं नव्हतं. दौलतचा चेहरा पडला.

महिनाभर नानांनी दुसरं काम घेतलं नाही. शेवटी सायकलच्या हबातले छर्रे घालून त्यांनी ती मूठ जागच्या जागी फिरेल अशी केली. चाक कितीही वळलं तरी मनगट सरळ. पुन्हा घाट, पुन्हा तीच वळणं. यावेळी नाना रस्त्याकडे बघतच नव्हते, सारा वेळ दौलतच्या खांद्याकडे बघत होते. उतरल्यावर त्यांनी मला नुसती मान हलवून खूण केली. मी बॉनेटवर कागद ठेवून सही केली. दौलत तिथेच रस्त्याच्या कडेला बसला आणि रडला.

पुढे तयार कव्हरं बाजारात आली आणि नानांची नजरही मंदावली. मुलीनं त्यांना सावद्याला बोलावून घेतलं. सामान पोचवायला दौलतच ट्रक घेऊन आला. निरोप घेताना नानांनी माझ्या मोटारीचं दार उघडून स्टेअरिंगची शिवण तपासली आणि मगच ते ट्रकमध्ये चढले.

दीड वर्षानं ते गेल्याची बातमीही दौलतनंच आणली. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यानं त्या सावद्याच्या प्रवासातली एक गोष्ट सांगितली. नानांनी जन्मात कधी गाडी चालवली नव्हती, हे त्याला त्या दिवशी वाटेत कळलं. पारोळ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर त्यानं ट्रक थांबवला आणि नानांना आपल्या जागेवर बसवलं. नानांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं. समोरचा लांबलचक रस्ता बघत बसले. गाडी सुरू करू का, असं दौलतनं विचारलं, तर नको म्हणाले.

"इतलं मोठं तुम्ही कसं संभाळतस रे, भाऊ?"

एवढंच विचारलं, आणि हळूच खाली उतरून आपल्या जागेवर जाऊन बसले.